ऐच्छिक

बोर्ड लागला त्याच आठवड्यात सुगनबाई ओसवाल पावती मागायला आल्या.

आदल्या दिवशी त्यांनी वर जाऊन डॉ. कामिनीकडून गालावरचा तीळ काढून घेतला होता, खाली येऊन काउंटरवर एकशे एक रुपये ठेवले होते, आणि आता त्यांना आयकरात सूट मिळेल अशी पावती हवी होती. बेबाबाई या दवाखान्यात केसपेपर काढायला बसल्या तेव्हा कामिनीचं लग्नसुद्धा झालेलं नव्हतं, पण असली पावती त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. सूट कसली, असं त्यांनी विचारलं. सुगनबाई देवस्थानाच्या ट्रस्टवर होत्या, त्यांना देणगीतलं कोण शिकवणार. त्यांनी शांतपणे बाहेरच्या बोर्डाकडे बोट केलं.

बोर्डावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं : 'भारंबे हॉस्पिटल. येथे त्वचेच्या सर्व ऐच्छिक सेवा मिळतील.' त्याखाली बारीक अक्षरात : 'तीळ, चामखीळ, वांग, नको असलेले केस व गोंदलेली नावे लेझरने काढून मिळतील. फी रोखीने.' बारीक अक्षर जळगावात कोणी वाचत नाही. आणि ऐच्छिक म्हणजे इच्छा असेल ते द्या, हे देवळात जाणाऱ्या माणसाला सांगावं लागत नाही.

शब्द नानांचा, म्हणजे कामिनीच्या सासऱ्यांचा होता. फ्लेक्सवाल्या लोटनने कामिनीच्या सांगण्यावरून 'इलेक्टिव्ह' असं छापून आणलं होतं. नानांनी ते परत पाठवलं. आपल्या दवाखान्यावर इंग्रजी लागणार नाही म्हणाले, आणि दुपारभर डोकं खाजवून स्वतःच्या हाताने 'ऐच्छिक' लिहून दिलं. डॉ. गिरधर भारंबे यांचं मराठी चांगलं आहे असं त्यांच्या घरात सगळ्यांनाच सांगितलेलं असल्यामुळे कोणी काही बोललं नाही.

मग लोक आले. अमळनेरकडची एक बाई दोन सुनांना घेऊन आली. "डॉक्टरीनबाई, आठे बठ्ठं मर्जीनं शे ना?" तिने दारातच विचारून घेतलं, तिघींच्या चामखिळी काढून घेतल्या आणि जाताना अकरा रुपये आणि एक दुधी भोपळा टेबलावर ठेवून मनापासून आशीर्वाद दिला. नशिराबादचा एक माणूस पिशवीत नमुना घेऊन आला. त्याने मात्र बारीक अक्षर वाचलं होतं, पण त्यातलं 'वांग' त्याने 'वांगं' असं वाचलं होतं. काय भावाने घेता, हे त्याला हवं होतं. बेबाबाईंनी दोन किलो घेतली.

हे सगळं ऐकून घरात सगळे हसले. कामिनी हसली नाही. तिला राग आला होता, आणि तो त्या अमळनेरच्या बाईवर नव्हता.

अकरा वर्षं झाली होती तिला या घरात येऊन. त्वचारोगात एमडी झालेली सून म्हणून भारंब्यांनी तिला मिरवून आणलं, आणि तेव्हापासून प्रत्येक लग्नात, बारशात, अगदी दहाव्यालासुद्धा कोणीतरी तिला खांबाआड ओढून म्हणत आलं होतं, कामिनी, जरा हे बघ गं. मग बाही वर, पदर बाजूला. लग्नपत्रिकेच्या पाठीवर तिने किती मलमं लिहून दिली असतील, देव जाणे. तिचा नवरा हितेंद्र हृदयाचा डॉक्टर, त्याला पंगतीत कोणी छाती दाखवली नाही. त्याच्याकडे लोक नंबर लावून, पैसे भरून बसत. कामिनी घरची होती. घरच्या डॉक्टरला फी नसते, खोली नसते, वेळ नसतो.

तिला एक खोली हवी होती. जिथे येणारा नंबर घेईल, बसेल आणि पैसे देऊन जाईल. त्यासाठी तिने पुण्याच्या कंपनीकडून लेझरचं मशीन महिनाभराच्या बोलीवर आणलं होतं. ते ठेवलं होतं वरच्या मजल्यावर, सलाइनच्या खोक्यांशेजारी, आणि त्या खोलीच्या वायरिंगला ते झेपत नव्हतं. सुगनबाईंच्या तिळाच्या मध्यातच एकदा लाइट गेली होती. कंपनीच्या माणसाने सांगून टाकलं, सोमवारपर्यंत जाड वायरची खोली द्या, नाहीतर मशीन उचलतो. जाड वायर अख्ख्या इमारतीत एकाच खोलीत होती, तळमजल्यावरच्या समोरच्या. तिथे पूर्वी एक्स-रेचं मशीन होतं. आता तिथे नाना बसत. पेशंट त्यांचे फारसे उरले नव्हते. कौतिकआबा आणि असेच दोघं-तिघं यायचे, रक्तदाब मोजून घ्यायचे आणि केळीच्या भावाविषयी बोलून जायचे.

खोली मिळाली नाही तर काय, हेही कामिनीने ठरवलं होतं. धुळ्यात तिची कॉलेजातली मैत्रीण आयुषी लोढा हिचं स्किन क्लिनिक जोरात चाललं होतं. आयुषी म्हणाली होती, मशीन मी घेते, तू पण ये. सोमवार ते शनिवार धुळं, रविवारी घर. कामिनीने हे फक्त हितेंद्रला सांगितलं. हितेंद्र "हं" म्हणाला. तो सगळ्यालाच हं म्हणतो, म्हणून त्याचं कोणाशी भांडण होत नाही.

---

चंपाषष्ठी झाली की येणाऱ्या रविवारी भादलीच्या मळ्यात भरीत, हा भारंब्यांचा नेम. या वर्षी नानांनी आधीच कळवलं होतं की खोलीचं काय ते तिथेच बोलू. नानांना पोटं भरल्यावर निर्णय देण्याची सवय होती, कारण भरल्या पोटी कोणी उलट बोलत नाही.

धुळ्याहून मोहिनी सकाळच्या एसटीने आली. ती नानांची मोठी मुलगी. बापाची खोली वाचवायला आपण निघालो आहोत हे तिने पारोळ्यापर्यंत मनाशी पक्कं केलं होतं आणि एरंडोलपर्यंत दोन-चार वाक्यंही तयार केली होती. ज्या खुर्चीवर बसून नानांनी अर्ध्या तालुक्याला इंजेक्शनं दिली, ती खुर्ची हलवून तिथे बायकांच्या मिशा काढणार? असं एक वाक्य होतं. ते तिला फारच आवडलं होतं.

मळ्यात पोहोचली तर कपाशीच्या काड्यांवर वांगी टाकलेली, धूर झालेला. धाकटा भाऊ नीलेश काठीने वांगी उलटीपालटी करत होता. दवाखान्याला लागून असलेलं मेडिकल स्टोअर त्याचं. बोर्ड लागेपर्यंत तो वहिनीच्या बाजूने होता, कारण त्वचेचा पेशंट म्हणजे क्रीम, आणि क्रीम म्हणजे नीलेश. पण अकरा रुपये ठेवणारी बाई क्रीम घेत नाही, हे आठवडाभरात त्याला कळलं. आता त्याचं म्हणणं होतं की नानांची खोली रिकामी होणारच असेल तर मधली भिंत पाडून मेडिकल मोठं करावं. हे त्याने मोहिनीला हळूच सांगितलं. मोहिनीला ते पटलं नाही, पण वहिनीविरुद्ध एक मत झालं म्हणून ती गप्प राहिली.

कामिनी लांब, केळीच्या बागेच्या कडेला, पुऱ्यांची कणीक मळत बसली होती. तिच्याशी कोणी वाकडं बोललं नाही. सगळे फार गोड बोलत होते, त्यावरूनच तिला काय ते समजलं.

नीलेश एकदम मोहिनीच्या तोंडाकडे निरखून बघत म्हणाला, "ताई, वांग कमी झाले की गं तुझे."

"कमी कुठे? पाटीभर आहेत अजून," मोहिनी म्हणाली आणि पाटी पुढे सरकवली.

नीलेशने स्वतःच्या गालावर बोट ठेवून दाखवलं तेव्हा तिच्या लक्षात आलं. दोन बाळंतपणांनंतर तिच्या दोन्ही गालांवर वांग आले होते, चांगले रुपयाएवढे. कामिनीने तिला मलम लिहून दिलं होतं, फुकट, एका साखरपुड्यात. फुकटचं होतं म्हणून मोहिनीने ते लावलं नाही. आता वांग बरेच निवळले होते. कशाने निवळले ते मोहिनीलाच माहीत होतं, आणि कणकेवरून मान वर करून बघणाऱ्या कामिनीला एका नजरेत कळलं. हे मलमाचं काम नव्हतं.

"आयुषीकडे जाता का, ताई?" कामिनीने हळू विचारलं.

मोहिनीने धूर डोळ्यांत गेल्याचं सांगितलं. आयुषीकडे ती उन्हाळ्यापासून जात होती, नवऱ्याला न सांगता, नंबर लावून, रोख पैसे देऊन. वाईट वाटलं तिला. बापासाठी तयार केलेलं मिशांचं वाक्य घशात अडकलं ते अडकलंच.

---

जेवणं झाली. भरीत, पुऱ्या, कळण्याची भाकरी, वर ताक. नाना आंब्याखाली बाजेवर बसले. बाकीचे सतरंजीवर. कुंदाबाई, नानांच्या पत्नी, गुडघ्यामुळे खाली बसू शकत नसल्याने त्यांना प्लास्टिकची खुर्ची. अंगात नेहमीसारखं मनगटापर्यंत बाह्यांचं पोलकं.

नानांनी फार लांबण लावली नाही. त्यांना या सुनेचं कौतुक होतं, खरंच होतं. तिच्या हाताला गुण आहे असं ते कौतिकआबांजवळ बोलत, फक्त तिच्यासमोर कधी बोलले नव्हते. पण त्यांच्या वडिलांच्या पायात काटा मोडून तो सडला होता, तेव्हा भादलीत डॉक्टर नव्हता. त्या काट्यापायी गिरधर डॉक्टर झाला. दुखलंखुपलं की माणूस दवाखान्यात येतो, एवढीच त्यांची समजूत, आणि त्या समजुतीवर त्यांचं आयुष्य बरं गेलं होतं. मर्जीचं दुकान वेगळं असतं. ते कामिनीने थाटावं, जरूर थाटावं, पण वर थाटावं.

"जे दुखत नाही त्याला मी कधी हात लावला नाही," ते म्हणाले. "माझ्या खोलीत तरी ते होणार नाही."

मग त्यांनी एकेकाला विचारलं. नीलेश म्हणाला, नाना म्हणतील तसं, आणि भिंतीचा विषय पुढच्या खेपेला ठेवला. मोहिनी म्हणाली, माझं काही म्हणणं नाही. ती धुळ्याहून एवढ्यासाठी आली होती हे सगळ्यांना ठाऊक असल्याने जरा आश्चर्य वाटलं. हितेंद्र "हं" म्हणाला. कामिनीला विचारायचं राहिलं. मुद्दाम नव्हे, सवयीने राहिलं. तिने हातावरची वाळलेली कणीक खरवडून काढली. मनात आलं, बरंच झालं, आता धुळ्याला जायला मोकळी.

नाना उठायला लागले तेव्हा कुंदाबाईंनी विचारलं, "मले एक सांगा. ऐच्छिक म्हणजे काय?"

नाना पुन्हा बसले. शब्दाचा अर्थ विचारला की त्यांना बरं वाटे. "ऐच्छिक म्हणजे आपल्या मर्जीचं. केलंच पाहिजे असं काही नाही. वाटलं तर करायचं."

"कोणाले वाटलं तर?"

"ज्याचं त्याला."

"म्हणजे मले वाटलं तर मी करू शकते."

"तुला काय करायचंय?"

कुंदाबाईंनी डाव्या मनगटाचं हुक काढलं आणि बाही कोपरापर्यंत वर सरकवली. "मले हे काढाचं हाये," त्या म्हणाल्या.

बारीक अक्षर जळगावात एका बाईने वाचलं होतं. कुंदाबाईंचं शिक्षण चौथीपर्यंत, म्हणून त्या समोर आलेलं सगळं वाचतात, अगदी साबणाच्या कागदासकट.

हातावर हिरवट निळ्या अक्षरांत, दोन फुलांच्या मधोमध, गोंदलेलं होतं : मुरलीधर.

---

हे घरात ठाऊक नव्हतं असं नाही. पोरांना लहानपणी सांगितलेलं होतं की ते देवाचं नाव आहे. मोठी झाल्यावर पोरांनी विचारणं सोडलं. कामिनीने मात्र हा हात आज प्रथमच पाहिला. सासूबाई जळगावच्या उन्हाळ्यात, पत्रे तापून कुत्री नळाखाली जाऊन बसतात तेव्हासुद्धा, लांब बाह्या घालतात हे तिने पहिल्याच वर्षी हेरलं होतं आणि मनात निदानही केलं होतं : कोड असणार. विचारून दुखवायला नको, म्हणून तिने अकरा वर्षं विचारलं नाही. स्वतःच्या निदानाचा तिला जरा अभिमानही होता.

खरी गोष्ट साधी होती. लग्नाच्या पहिल्या वर्षी सासूने कुंदाला चांगदेवच्या जत्रेत नेलं. नव्या सुनेच्या हातावर नवऱ्याचं नाव असावं अशी सासूची इच्छा. सुनेची इच्छा कोणी विचारायचा तेव्हा रिवाज नव्हता. गोंदणाऱ्यापुढे तिला बसवून सासू बांगड्यांच्या दुकानाकडे गेली. गोंदणाऱ्याने विचारलं, नाव काय मालकाचं? आता नवऱ्याचं नाव घेणार कशी? ती गप्प. तो म्हणाला, बाई, मागे रांग आहे. तिने मान खाली घालून सांगितलं, देवाचं आहे. कोणता देव? गोकुळातला. कृष्ण का? तिने मान हलवली, म्हणजे नाही, पण जवळ आलात. डोंगर उचलणारा, असं ती पुढे सांगणारच होती. पण जत्रेत ढोल वाजत होता, आणि गोंदणारा समजूतदार होता. त्याला वाटलं कळलं आपल्याला. त्याने मशीन चालू केलं. तिला वाचता येत होतं, म्हणून 'मु' झाला तेव्हाच तिला समजलं. पण बोलायचं तर नवऱ्याचं नाव घ्यावं लागलं असतं.

सासू परत आली, तिने सुबक फुलं बघितली, वाचता येत नसल्याने समाधान मानलं आणि पैसे दिले. घरी आल्यावर नानांनी वाचलं. तेव्हा ते शेवटच्या वर्षाला होते. ते म्हणाले, राहू दे, देव एकच. ते मनाने चांगले होते, आणि त्यांच्यापुरता विषय संपला. दुर्दैवाने मुरलीधर नावाचे एक चुलतदीर घरात होते. ते प्रत्येक लग्नकार्यात पंगतीत ओरडून विचारायचे, वहिनी, हात बरा आहे ना? सगळे हसायचे. कुंदाबाईही हसायच्या. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी लांब बाह्यांची पोलकी शिवून घेतली. मुरलीधरभाऊ तीन वर्षांपूर्वी वारले, बाह्या तशाच राहिल्या.

एवढं सगळं काही कुंदाबाईंनी आंब्याखाली सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, "मले एक उन्हाळा उघड्या हातानं काढाचा हाये."

नाना हाताकडे बघत राहिले. पेशंटला विचारायचं ते आपोआप त्यांच्या तोंडून आलं. "दुखतं का?"

"दुखत नही. तुमी म्हणे तसंच हाये. दुखत नही."

"मग इतकी वर्षं बोलली नाहीस कधी."

"तुमी विचारलं नही."

नीलेश काठीने विझलेली राख उकरत बसला. शेवटी कामिनी उठून सासूजवळ गेली, हात हातात घेतला, उजेडाकडे वळवला, अक्षरांवरून अंगठा फिरवला. जुनं गोंदण होतं, खोल, पण जाण्यासारखं. सहा-सात वेळा यावं लागेल, म्हणाली, प्रत्येक वेळी दीड-दोन महिन्यांनी. रबराचा फटका बसल्यासारखं लागेल. हा उन्हाळा बाह्यांत जाईल, पुढचा मोकळा. फी किती, कुंदाबाईंनी विचारलं. कामिनी सवयीने बोलून गेली, "आई, घरच्यांकडून कसली फी?"

"मंग मी धुळ्याले जाते," कुंदाबाई म्हणाल्या. "आयुषीबाईकडं. तिथी घेतात. तू पण तिथीच चाललीस ना?"

नानांनी मान वर केली. धुळ्याचं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, कुंदाबाईंनी ते कामिनीच्या फोनवरच्या बोलण्यातून ऐकलं होतं. त्यांनी कामिनीकडे बघितलं, मग हितेंद्रकडे. ही खोली दिली नाही तर खोली राहील आणि सून जाईल, हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं. दोन्ही राहील असं ते धरून चालले होते.

"आयुषी चांगली आहे हं, आई," मोहिनी मध्येच म्हणाली. "मी जाते तिच्याकडे." मग तिला वाटलं हे बोलायला नको होतं, आणि मग वाटलं बरं झालं, सुटले एकदाची. गालांकडे आता सगळ्यांनीच बघितलं.

"आईचे गुडघे," हितेंद्र म्हणाला.

सगळे त्याच्याकडे वळले, कारण हा हं नव्हता.

"वर जिना आहे. वर्षभर आई जिना चढणार नाही. धुळ्याची एसटी तर नाहीच." तो डॉक्टरसारखं, खाली बघत बोलत होता. "आणि कामिनीही जाणार नाही. जायचं ठरलं तर मीही धुळ्यात बघेन कुठे. नाना, समोरची खोली द्या. तळमजल्याची आहे."

कामिनीने अकरा वर्षांत नवऱ्याचं एवढं मोठं वाक्य घरच्यांसमोर ऐकलं नव्हतं. तिला रडू यायला लागलं आणि तिने ते सासूच्या हाताकडे बघत आवरलं.

नाना चपला पायात सरकवत म्हणाले की गाडी काढा, ऊन उतरलं. त्यावरून कोणाला काही कळलं नाही.

---

सोमवारी कंपनीच्या माणसाने मशीन समोरच्या खोलीत आणलं. जाड वायरला ते लागलं आणि लाइट गेली नाही. नाना आपल्या खुर्चीवरच बसले होते, पेपर उघडून. उठा असं त्यांना कोणी म्हणालं नाही आणि ते उठले नाहीत.

कुंदाबाई काउंटरपुढे उभ्या राहिल्या. बेबाबाई त्यांना रोज बघत आल्या होत्या, तरी केसपेपर सगळ्यांचा सारखाच काढायचा असं कामिनीने बजावलं होतं. नाव, वय, गाव झालं. मग बेबाबाईंनी जरा अडखळत विचारलं, "मालकाचं नाव?"

कुंदाबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. त्या चांगल्या स्पष्ट म्हणाल्या, "गिरधर."

आत पेपर खाली झाला. नानांनी हे नाव अनेकांच्या तोंडून ऐकलं होतं. या तोंडून नव्हतं ऐकलं.

फी मोजून दिली, पावती घेतली, नंबर आला तेव्हा कुंदाबाई आत गेल्या आणि बाही वर करून टेबलावर आडव्या झाल्या. हात बधिर करायचं मलम तासभर आधीच लावून झालं होतं. कामिनीने ते पुसलं, त्यांच्या डोळ्यांवर काळा चष्मा चढवला, स्वतःचा चढवला. नाना खुर्चीतून उठून जवळ आले. त्यांनी अक्षरं नीट बघितली. लग्नानंतर इतक्या जवळून ती बघायची त्यांची ही दुसरी वेळ.

"कामिनी," ते हळू म्हणाले, "नुसतं मुरली काढता येईल ना? धर राहू दे."

कामिनीच्या हातात मशीनचा दांडा होता. सासरा कधी तिच्याकडे काही मागायला आला नव्हता. तिने टेबलाकडे बघितलं.

"सगळं काढ," कुंदाबाई म्हणाल्या.

"पेशंटची इच्छा, नाना," कामिनी म्हणाली. मग तिने ते सांगितलं, जे सगळ्या नातेवाइकांना सांगायचं असतं. "तुम्ही बाहेर बसा. डोळ्यांना चालत नाही हा उजेड."

नाना बाहेर आले. पेशंटच्या नातेवाइकांसाठी भिंतीलगत एक बाक होता. तो त्यांनीच बनवून घेतला होता, पण त्यावर ते कधी बसले नव्हते. तो जरा अरुंद आहे असं त्यांना जाणवलं. तेवढ्यात लोटन शिडी घेऊन आला. ऐच्छिक काढून तिथे कोणता शब्द टाकायचा, असं त्याने विचारलं. नाना म्हणाले, शब्द बरोबर आहे, राहू दे. फी रोखीने हे तेवढं मोठ्या अक्षरात कर.

मग कौतिकआबा आले, रक्तदाब मोजून घ्यायला. डॉक्टर बाकावर बघून त्यांना नवल वाटलं. काही दुखतं का, त्यांनी विचारलं. नाना नाही म्हणाले. मग दोघं शेजारी बसले. आतून टक टक असा बारीक आवाज येत होता, थांबत होता, पुन्हा येत होता.

"सूनबाई आता तुमच्या खोलीत का?" कौतिकआबांनी विचारलं. "काय करून राह्यल्या?"

"नाव काढतेय," नाना म्हणाले.

"काढणारच," कौतिकआबा म्हणाले. "मी तर लग्नातच म्हटलं होतं. ही पोरगी भारंब्यांचं नाव काढणार."

नानांनी दाराकडे बघितलं. "हो," ते म्हणाले. "वेळ लागेल म्हणते. पण काढेल."